विश्लेषण : मुधोळ हाऊंड फ्लॅटमध्ये पाळता येतो का?

पंतप्रधानांनी ऑगस्ट २०२० मध्ये ‘मन की बात’मध्ये उल्लेख केल्यानंतर मुधोळ हाऊंडची देशभर चर्चा झाली. मात्र त्याचा वेग आणि रुबाब पाहून पिल्लू घरी आणण्यापूर्वी काही गोष्टी माहीत असायला हव्यात.

हा कुत्रा मूळचा कुठला?

दख्खनच्या पठारावर, महाराष्ट्रातही, हा शिकारी कुत्रा पूर्वापार पाळला जातो. त्याला ‘कारवान’ असेही म्हणतात. बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजांनी त्याच्या पैदाशीला प्रोत्साहन दिले. त्यावरून हे नाव पडले. २००५ मध्ये त्याच्यावर टपाल तिकीटही निघाले.

स्वभाव कसा असतो?

तो वासापेक्षा नजरेने सावज हेरतो. मांजर किंवा खार पळताना दिसली, की तो मागे धावतो. अशा वेळी मालकाची हाक ऐकून थांबेलच, याची खात्री नसते. म्हणून रस्त्यावर पट्टा कधीही सोडू नये. अनोळखी व्यक्तीने हात लावलेला त्याला सहसा आवडत नाही. मारझोडीने तो बुजतो.

मग फ्लॅटमध्ये राहील का?

राहील, पण रोज दोन वेळा फिरवणे आणि कुंपण असलेल्या जागेत मोकळे धावू देणे गरजेचे आहे. पुरेसा व्यायाम झाला, की तो घरात शांत पडून राहतो. दिवसभर कोंडून ठेवल्यास घरातील वस्तूंची नासधूस होऊ शकते.

बारीक दिसतो म्हणून जास्त खायला द्यावे का?

नाही. थोड्या बरगड्या दिसणे ही त्याची नैसर्गिक ठेवण आहे. खाल्ल्यावर लगेच पळवू नये. छाती खोल असलेल्या कुत्र्यांमध्ये पोटाला पीळ पडण्याचा धोका असतो. पोट फुगले आणि उबळ येऊनही उलटी होत नसेल, तर तातडीने दवाखाना गाठावा.

डॉक्टरांना काय सांगावे?

नसबंदी किंवा अन्य शस्त्रक्रियेआधी कुत्र्याची जात आवर्जून सांगावी. या गटातील कुत्र्यांच्या अंगात चरबी कमी असते आणि भुलीच्या काही औषधांचा अंमल उतरायला वेळ लागतो.

शिकारीला नेता येते का?

नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार सशाची शिकारही गुन्हा आहे.

थोडक्यात, घर किती मोठे आहे यापेक्षा रोज त्याच्यासाठी वेळ देता येईल का, हे आधी ठरवावे.