आलमबागची सरळ रेषा आणि ध्रुवीय त्वरण

वेगातील बदलाचा दर म्हणजे त्वरण. व्याख्या सोपी आहे. परंतु वस्तूचे स्थान जेव्हा निरीक्षकापासूनचे अंतर आणि एका स्थिर दिशेशी होणारा कोन या दोहोंनी, म्हणजे ध्रुवीय सहनिर्देशकांनी, सांगितले जाते, तेव्हा तिचे वाचन अवघड होते. अंतराचा द्वितीय विकलज घेतला की त्वरण मिळाले, हा समज स्वाभाविक असला तरी चुकीचा आहे.

लखनौच्या आलमबाग स्थानकावरून सप्टेंबर २०१७ पासून मेट्रो धावते. मार्गापासून ३० मीटर लंबांतरावर एक निरीक्षक उभा आहे आणि गाडी सरळ रेषेत सेकंदाला १० मीटर या एकसमान वेगाने जात आहे, असे कल्पावे. गाडीला त्वरण मुळीच नाही. तरीही ती ५० मीटरांवर असताना तिचे अंतर सेकंदाला ८ मीटरने वाढते, आणि हा दरही दर सेकंदाला ०.७२ मीटर प्रतिसेकंद इतका वाढत असतो. हे 'त्वरण' आले कोठून?

दृष्टिरेषा स्वतःच फिरते आहे. म्हणून विकलन केवळ अंतराचे नव्हे, तर दिशेचेही करावे लागते. तसे केल्यावर अरीय घटक मिळतो तो असा: अंतराचा द्वितीय विकलज, वजा अंतर गुणिले कोनीय वेगाचा वर्ग. येथे कोनीय वेग ०.१२ रेडियन प्रतिसेकंद; ५० गुणिले ०.०१४४ म्हणजे नेमके ०.७२. वजाबाकी शून्य.

अनुप्रस्थ घटकात दोन पदे येतात: अंतर गुणिले कोनीय त्वरण, आणि अरीय व कोनीय वेगांच्या गुणाकाराची दुप्पट. ही दुप्पट विद्यार्थी पाठ करतात, समजून क्वचितच घेतात. एक वाटा अरीय वेगाची दिशा वळल्यामुळे येतो. दुसरा, अंतर वाढल्याने आडवा वेग वाढतो म्हणून. आपल्या गाडीपुरती ही दुप्पट १.९२ भरते आणि मंदावणारा कोनीय वेग ती तेवढ्याच ऋण पदाने फेडतो.

हा भेद ग्रंथवाचनातही उपयोगी पडतो. काशीच्या संस्कृत महाविद्यालयातील महाराष्ट्रीय अध्यापक बापूदेव शास्त्री यांनी १८५८ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात भास्कराचार्यांना विकलनाचे तत्त्व अवगत होते, असे प्रतिपादन केले. विल्यम स्पॉटिसवुड यांनी त्यावर आक्षेप घेतला. 'सिद्धान्तशिरोमणी'तील (११५०) 'तात्कालिक गती' ही ग्रहाच्या कोनाची त्या क्षणीची गती आहे. तिला विकलज म्हणणे समर्थनीय ठरते. मात्र तो प्रथम विकलज आहे, आणि कोनाचा. 'गती' या शब्दाचे भाषांतर करताना त्यात त्वरण वाचणे म्हणजे मूळ पाठात नसलेले पद त्यात घालणे होय.