चिमूट आणि शून्य

उरणची मिठागरे आणि होमिओपॅथीची पेटी यांचा काय संबंध? आहे. त्या पेटीतले ‘नेट्रम म्यूर’ म्हणजे आपले साधे मीठच.

एक ग्रॅम मिठात सोडियम-क्लोरीनच्या जोड्या किती? सुमारे एकावर बावीस शून्ये. त्याचा एक भाग नव्याण्णव भाग दुग्धशर्करेत, पुढे पाण्यात किंवा अल्कोहोलात मिसळायचा. त्यातला एक भाग पुन्हा नव्याण्णव भागांत. अशा तीस पायऱ्या म्हणजे शक्ती ३०. दर पायरीला दोन शून्ये गळतात. अकराव्या पायरीला ग्रॅममागे एक जोडी उरते, बाराव्या पायरीला ती सापडण्याची शक्यता शंभरात एक. पुढच्या अठरा पायऱ्या मिठाविनाच! (बांधाला खांड पडून शेतात खारे पाणी शिरलेल्या शेतकऱ्याला मिठाची खरी ताकद विचारावी.)

काही सेंद्रिय शेतकरी असे थेंब भाजीवर फवारतात. भाजी अधिक पौष्टिक होईल, ही आशा. ‘इतक्या थोड्याने काय होणार?’ म्हणून मात्र हसू नये. थोड्याने खूप होते. रायगडात भातकापणीनंतर जमिनीतल्या ओलीवर वाल वाढतो, त्याच्या मुळावरची ताजी गाठ कापून पाहा. आत गुलाबी रंग दिसतो. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावंडाचा. तिथले जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडतात. ज्या विकराने ते हे करतात, त्याच्या गाभ्यात लोहाचे सात अणू आणि मॉलिब्डेनमचा अवघा एक. मडक्यात भाजलेल्या पोपटीतल्या वालाची प्रथिने या एका अणूच्या जिवावर!

झाडाच्या एक ग्रॅम सुक्या भागाला मॉलिब्डेनम लागते ते ग्रॅमचा एक कोटीवा भाग. पण अणू मोजले तर ते सहाशे लाख कोटी भरतात. थोडे आणि शून्य यांत एवढे अंतर आहे, आणि माझ्या मते सगळा वाद तिथेच मिटतो.

सेंद्रिय भाजीच्या पौष्टिकतेचा निकाल मात्र इतका सरळ नाही. २०१२ च्या स्टॅनफर्डच्या आढाव्यात जीवनसत्त्वांत फारसा फरक दिसला नाही. २०१४ मध्ये ३४३ शोधनिबंध चाळणाऱ्या न्यूकॅसलच्या गटाला सेंद्रिय पिकांत अँटिऑक्सिडंट अधिक आणि कॅडमियम कमी आढळले. मातीचा हिशेब त्याहून रोकडा आहे. आम्लधर्मी तांबड्या मातीत मॉलिब्डेनम असूनही लोहाला चिकटून बसते. चुना किंवा राख टाकून आम्लता उतरवली की ते मुळांच्या हाती लागते.