रजा पाहिजे होती

गणपती जवळ आले की महाड एमआयडीसीतल्या कारखान्यांत रजेचे अर्ज सुरू होतात. पोलादपूरकडचा मुलगा मराठी साहेबासमोर उभा राहिला की म्हणतो, "सर, दोन दिवसांची रजा पाहिजे होती." साहेब परप्रांतीय असला आणि मेल इंग्रजीत करायचा असला की तोच मुलगा लिहितो, "आय वॉन्ट टू डेज लीव्ह." मनात अजिजी, कागदावर हुकूम! मग कुणीतरी सांगतं, 'प्लीज' लाव. पण 'प्लीज गिव्ह मी' हे अजून आज्ञार्थच आहे, फक्त गुळात बुडवलेलं.

त्या मराठी वाक्यातला 'होती' बघा. रजा पुढच्या आठवड्यातली, मग भूतकाळ कशाला? तर मागणी जरा मागे सरकवली की समोरच्याला नाही म्हणायला वाव राहतो. "जरा काम होतं", "एक विचारायचं होतं" यांतही तेच. इंग्रजीने वेगळं काय केलंय? 'कॅन'चा भूतकाळ 'कुड', 'विल'चा 'वुड'. "कुड आय टेक टू डेज लीव्ह?" किंवा "वुड यू प्लीज साइन धिस?" यांत भूतकाळ नावाचाच, तो अदबीसाठी आलेला असतो. म्हणून उत्तरात तो टिकत नाही. होकार देताना साहेब "येस, यू कॅन" म्हणेल, "येस, यू कुड" नाही.

क्षमतेच्या बाबतीत मात्र मराठी जास्त चोखंदळ. पोराला सावित्रीत पोहता येतं, म्हणजे तो शिकलाय. रस्ता मोकळा असेल तर एसटी वेळेत पोहोचू शकते, ही शक्यता. आजीला आंबेनळी घाट चढवत नाही, हा शरीराचा नकार. इंग्रजी या तिन्हींना एकाच 'कॅन'ने वाटेला लावते, त्यामुळे इथे आपल्या मुलांना घाबरण्याचं कारण नाही.

'मे' म्हणजे परवानगी, 'कॅन' म्हणजे शक्ती, हा फरक बोलण्यात आता बराच पुसट झालाय; "कॅन आय कम इन?" म्हटल्याने कुणी दाराबाहेर ठेवत नाही. पण महाडच्या शिक्षकाला तो फरक शिकवायला दूर जावं लागत नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा बोले ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३मध्ये केला, पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेने चवदार तळं अस्पृश्यांना खुलं केलं. कागदावर 'मे' होतं. तरी त्यांना पाणी भरता येत नव्हतं, म्हणजे 'कॅन' नव्हतं. २० मार्च १९२७ला डॉ. आंबेडकर आणि हजारो लोक ते पाणी प्याले, त्यानंतर नगरपालिकेने ठरावच मागे घेतला, आणि तळ्याच्या खटल्यात हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं.

राज्यात पहिलीपासून इंग्रजी २०००मध्ये आलं. 'कॅन', 'कुड', 'मे' अशा मोडल ऑक्झिलरीजचा तक्ता मुलांना तोंडपाठ असतो, अर्ज मात्र 'आय वॉन्ट'नेच सुरू होतो. इंग्रजीच्या शिक्षकांना एवढंच सांगणं आहे: तक्ता भिंतीवर लावण्याआधी मुलांकडून रजेचा एक अर्ज मराठीत म्हणवून घ्या, तो फळ्यावर लिहा, आणि त्यातल्या 'होती'खाली रेघ मारा.