कृतज्ञतेचा दिवस

अमेरिकेत नोव्हेंबर महिन्याच्या चौथ्या गुरुवारी ‘थँक्सगिव्हिंग’ म्हणजे आभारदिन साजरा होतो. १६२० मध्ये ‘मेफ्लॉवर’ जहाजातून इंग्लंडहून प्लिमथ येथे आलेल्या सुमारे शंभर प्रवाशांपैकी जवळजवळ निम्मे पहिल्याच हिवाळ्यात दगावले. उरलेल्यांना तेथील मूळ रहिवासी वाम्पानोआग यांनी आधार दिला, मक्याची लागवड शिकवली. १६२१ मध्ये पीक हाती आले, तेव्हा दोन्ही समाजांनी तीन दिवस एकत्र भोजन केले. पुढे १८६३ मध्ये, यादवी युद्धाच्या काळात, अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी राष्ट्रीय आभारदिन जाहीर केला.

या सुमारास मेपल वृक्षांची लाल-सोनेरी पाने गळून पडत असतात. भोपळा, मका, क्रॅनबेरी घरात आलेली असतात. दूरदूरची मुले-नातवंडे घरी परततात. अनेक कुटुंबांत जेवणापूर्वी प्रत्येक जण आपण कोणाचे, कशाबद्दल ऋणी आहोत हे सांगतो.

मात्र ज्यांनी आधार दिला, त्यांच्याच जमिनी पुढे हिरावल्या गेल्या. म्हणून १९७० पासून अनेक मूळ रहिवासी याच दिवशी प्लिमथ येथे शोकदिन पाळतात. ज्या भूमीने आणि ज्या हातांनी दिले, त्यांचे स्मरण राहिले तरच कृतज्ञता पूर्ण होते.