शर्यतीचा मान कशावर ठरतो?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सायकल शर्यतीला जाणाऱ्या मुलामुलींचे पालक मला एक प्रश्न हटकून विचारतात, ‘सर, यातली मोठी शर्यत कोणती?’ प्रश्न साधा वाटतो, पण मोठी म्हणजे काय? बक्षीस मोठं, अंतर मोठं, की नाव मोठं? या तीन गोष्टी एकाच शर्यतीत असतील असं नाही. म्हणून आज जगातल्या नामांकित शर्यतींचा मान कसा ठरतो ते पाहू आणि मग आपल्या सातारा-सांगलीच्या रस्त्यावर येऊ.

आपल्याकडच्या माणसाला ही गोष्ट कुस्तीवरून चटकन कळते. कुंडलच्या मैदानात नंबर एकची कुस्ती लागली, की पंचक्रोशी लोटते. इनामही मोठं असतं. पण गणपतराव आंदळकर किंवा मारुती माने यांचं नाव घेताना आपण आधी ‘हिंदकेसरी’ म्हणतो. त्यांनी कुठल्या मैदानात किती इनाम घेतलं, हे आज कुणाला आठवत नाही. सायकलींच्या जगातही असंच आहे.

या खेळात सर्वांत वरचं नाव ‘टूर द फ्रान्स’चं. ही शर्यत 1903 साली सुरू झाली ती एका वर्तमानपत्रामुळे. ‘लोटो’ नावाच्या क्रीडा दैनिकाला आपला खप वाढवायचा होता. त्या पत्राचा कागद पिवळा होता आणि आघाडीवरच्या स्वाराला 1919 पासून मिळणारी बनियनही पिवळीच. इटलीत 1909 साली ‘जिरो’ सुरू झाली, तीही एका क्रीडा दैनिकाकडून. त्याचा कागद गुलाबी, म्हणून तिथली बनियन गुलाबी. स्पेनची ‘वुएल्ता’ 1935 सालची. या तिन्ही शर्यती सुमारे तीन आठवडे चालतात. रोज एक टप्पा, असे एकवीस टप्पे. सगळ्या टप्प्यांची वेळ मिळवून ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो विजेता.

अंतर, घाट आणि दिवस तिन्हीकडे साधारण सारखेच. मग फ्रान्सचीच शर्यत थोरली का? पहिलं कारण म्हणजे तिथे कोण येतं. ती जुलैमध्ये असते आणि त्या महिन्यासाठी बहुतेक संघ आपले सर्वांत तगडे स्वार राखून ठेवतात. पैलवानाची परीक्षा समोरच्या जोडीवर होते, तसंच हे. दुसरं कारण, तिच्याकडे साऱ्या जगाचं लक्ष असतं. तिसरं कारण कागदावरचं. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटना प्रत्येक शर्यतीला गुण ठरवून देते. 2023 पासूनच्या कोष्टकात फ्रान्सच्या एकूण विजेत्याला 1300 गुण, तर इटली आणि स्पेनच्या विजेत्याला 1100 गुण आहेत.

आता एका दिवसाच्या शर्यती. त्यातल्या पाच जुन्या शर्यतींना ‘स्मारकं’ म्हणतात. मिलान-सान रेमो, फ्लँडर्स, पॅरिस-रूबे, लीएज-बास्तोन-लीएज आणि लोम्बार्दी अशी त्यांची नावं. लीएजची 1892 सालची, रूबेची 1896 सालची. रूबेच्या शर्यतीत पन्नास किलोमीटरहून जास्त रस्ता दगडी फरसबंदीचा आहे. पावसात तिथे चिखल आणि उन्हात धुरळा. विजेत्याला करंडक म्हणून काय देतात? त्याच रस्त्यावरचा एक दगड! रोख बक्षीस 30 हजार युरोच्या आसपास. टूर द फ्रान्सच्या विजेत्याला 5 लाख युरो मिळतात आणि रिवाज असा, की ती रक्कम तो सहकाऱ्यांत वाटून टाकतो. पैशाच्या हिशेबाने रूबे कुठेच नाही. पण तो दगड घरी नेण्यासाठी स्वार जन्मभर झुरतात.

जागतिक अजिंक्यपदाची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे स्वार आपल्या व्यावसायिक संघाकडून नव्हे, देशाकडून उतरतो. जिंकला, की पुढचं वर्षभर त्याला इंद्रधनुष्यी पट्ट्यांची बनियन घालण्याचा मान मिळतो. टूर, जिरो आणि जागतिक अजिंक्यपद हे तिन्ही एकाच वर्षात जिंकणं फार दुर्मीळ. एडी मर्क्स यांनी ते 1974 मध्ये, स्टीफन रोश यांनी 1987 मध्ये आणि तादेय पोगाचार यांनी 2024 मध्ये साधलं.

मान मिळवायला शंभर वर्षं लागतात, पण तो जायला एक निकाल पुरतो. लान्स आर्मस्ट्राँग यांची फ्रान्सची सात विजेतेपदं उत्तेजक द्रव्यांमुळे 2012 साली काढून घेण्यात आली. त्या वर्षांचे विजेते म्हणून दुसऱ्या कुणाचं नावही लावलेलं नाही. निकालावर विश्वास नसेल, तर बक्षीस कितीही मोठं असो, शर्यत लहानच.

आता आपल्याकडे येऊ. जानेवारी 2026 मध्ये पुणे जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ ही अनेक टप्प्यांची आंतरराष्ट्रीय शर्यत झाली. तिचा दर्जा होता 2.2. यातला पहिला आकडा सांगतो, की शर्यत एकापेक्षा जास्त दिवसांची आहे. दुसरा आकडा तिची पायरी सांगतो. या पायरीवर एकूण विजेत्याला 40 गुण मिळतात. कुठे 1300 आणि कुठे 40, असं कुणी म्हणेल. पण ऑलिंपिकमधल्या रस्ता शर्यतीच्या जागा देशांना अशा गुणांच्या क्रमवारीवरून मिळतात आणि ते गुण मिळवायला आपल्या स्वारांना एरवी परदेश गाठावा लागतो. घराजवळचे 40 गुण म्हणून मोलाचे.

याउलट आपली जुनी मुंबई-पुणे शर्यत. मध्ये तिला खंडही पडला. तिच्या गुणांचं कुणी विचारत नाही. पण बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात आणि हा किताब महाराष्ट्रातल्या सायकलपटूला आयुष्यभर पुरतो. तिच्या निकालात सांगलीची नावं अनेकदा झळकली आहेत.

तिसरा प्रकार म्हणजे पुण्याहून सातारा जिल्ह्यातून गोव्याकडे जाणारी ‘डेक्कन क्लिफहँगर’. सुमारे 640 किलोमीटर, रात्रंदिवस. ती वेळेत पुरी करणाऱ्याला अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतच्या शर्यतीची पात्रता मिळवता येते. नाशिकचे डॉक्टर महाजन बंधू यांनी ती अमेरिकेतली शर्यत 2015 मध्ये दोघांच्या गटात पूर्ण केली. इथे पहिला कोण, यापेक्षा शेवटपर्यंत कोण पोचला याला मान आहे.

मग पालकांच्या प्रश्नाचं उत्तर काय? आपल्या गावोगावी यात्रेला, जयंतीला खुल्या शर्यती होतात. त्या व्हाव्यात, त्यातूनच मुलं तयार होतात. पण महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे आणि तिथे बक्षिसाची रक्कम कुणी पाहत नाही. शर्यत मान्यताप्राप्त संघटनेची होती का, आणि पातळी राज्याची, राष्ट्रीय की आंतरराष्ट्रीय, हे पाहतात. पद जितकं वरचं, तितकी पातळी वरची लागते. खुल्या शर्यतीत हजारो रुपये जिंकलेल्या मुलाचं प्रमाणपत्र तिथे बाजूला पडतं आणि राज्य स्पर्धेत कमी बक्षीस घेतलेल्या मुलीचं उपयोगी पडतं. हे वयाच्या पंचविशीत कळून उपयोग नाही, पंधराव्या वर्षी कळायला हवं.

म्हणून नाव नोंदवण्याआधी तीन गोष्टी विचारा. शर्यतीला कोणत्या संघटनेची मान्यता आहे? वयोगट कागदपत्रं पाहून ठरवतात का? आणि रस्ता बंद ठेवणार आहेत का, रुग्णवाहिका आहे का? हे तिसरं सर्वांत महत्त्वाचं. आपल्याकडे शर्यतींचे दिवस थंडीचे, आणि नेमका तेव्हाच उसाचा गळीत हंगाम असतो. पहाटेच्या अंधारात मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली उभी असते आणि मान खाली घालून जोर मारणाऱ्या पोराला ती दिसत नाही. शिवाय स्वारापुढे मोटारसायकल घालून वारा अडवायचा, हा प्रकारही काही ठिकाणी चालतो. त्यात धोका आहे आणि निकालही खोटा ठरतो.

आपल्या शर्यतींना फ्रान्सचा मान आज मिळणार नाही. पण बंद रस्ता, चोख पंच, खरा वयोगट आणि दरवर्षी ठरलेल्या तारखेला शर्यत, एवढं जमायला युरो लागत नाहीत. ज्या गावाला हे वीस वर्षं सलग जमेल, तिथली शर्यत जिंकल्याचं सांगताना मुलगा बक्षिसाचा आकडा सांगणार नाही, त्या गावाचं नाव सांगेल.