निकाल आधीच फोडला, तर तुरुंग?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातून गर्भपाताच्या हक्काविषयीच्या 'डॉब्स' निकालाचा मसुदा फुटला आणि 2 मे 2022 रोजी 'पोलिटिको'ने तो प्रसिद्ध केला. न्यायालयाच्या मार्शलनी 97 कर्मचाऱ्यांच्या 126 मुलाखती घेतल्या. मसुद्याबद्दल किंवा न्यायमूर्तींच्या मतविभागणीबद्दल घरी जोडीदाराला सांगितल्याचे काहींनी कबूल केले. मसुदा बाहेर कोणी दिला, हे मात्र जानेवारी 2023च्या अहवालातही निष्पन्न झाले नाही.

गोपनीयतेचा भंग केला की नोकरी जाते. पण थेट याच कृत्यासाठी वेगळे फौजदारी कलम तिथे नाही. ही उणीव जुनी आहे. याच न्यायालयातील न्यायमूर्ती मॅकेना यांचे लिपिक अ‍ॅश्टन एम्ब्री यांच्यावर 1919मधील एका रेल्वे खटल्याचा निकाल वॉल स्ट्रीटच्या सटोडियांना आधीच कळवल्याचा आरोप होता. सरकारला फसवण्याच्या कटाचे कलम लावावे लागले आणि 1929मध्ये खटला सोडून देण्यात आला.

सिनेटर बिल कॅसिडी यांच्या विधेयकात निकाल फोडणाऱ्याला 10 वर्षांपर्यंत कैद सुचवली होती. निकाल विकून पैसा करणाऱ्याला ती योग्यच. मात्र न्यायमूर्तींचे गैरवर्तन उघड करणाऱ्या कर्मचाऱ्याला संरक्षण हवेच. ते विधेयक मंजूर झाले नाही.