संगणकावरची लेबलं: काढायची की ठेवायची?

आमच्या सासूबाईंचा एक नियम आहे. बाजारातून नवी वस्तू आली की तिच्यावरचं लेबल काढायचं नाही. स्टीलच्या डब्यावरचा कागद असो, नाही तर फ्रीजच्या दारावरचा ताऱ्यांचा पट्टा असो, ‘राहू दे वं, नवं दिसते’ असं म्हणून त्या तो जपणार. आमचा फ्रीज घेऊन नऊ वर्षं झाली. तारे फिके पडले, पण पट्टा आहे तिथेच आहे! माझं अगदी उलट. डबा घरात आला की आधी लेबल काढायचं, चिकटा घासून टाकायचा आणि मगच तो फळीवर ठेवायचा. यावरून आम्हा सासू-सुनांचे लुटुपुटीचे खटके नेहमीच उडतात. पण गेल्या हिवाळ्यात घरात लॅपटॉप आला आणि त्याच्यावरच्या लेबलाने आम्हा दोघींनाही शहाणं केलं. तीच हकिकत मैत्रिणींना सांगावी म्हणून हा लेखनप्रपंच.

मलकापूर आणि नांदुरा यांच्या मधे, महामार्गावर आमचं वडनेर भोलजी. थोरली लेक मलकापूरला कॉलेजात जाते. वर्गातल्या बऱ्याच मुलींजवळ लॅपटॉप होता, हिच्याजवळ नव्हता. कापूस विकून चार पैसे हातात आले, तेव्हा यांनी मनावर घेतलं. नवा काही झेपण्यासारखा नव्हता, म्हणून बाहेरगावच्या एका दुकानातून जुना, पण ‘नव्यासारखा’ लॅपटॉप बावीस हजारांना घेतला. हात टेकायच्या जागी चकचकीत लेबल होतं: आय-सेव्हन, आठवी पिढी. दुकानदार त्यावर बोट ठेवून म्हणाला, “ताई, लेबलच पाहा ना! आणखी काय पाहिजे?” आम्हालाही ते पटलं.

महिनाभरात लेक कुरकुरायला लागली. मशीन चालू व्हायला वेळ लागतो, मधेच अडकतं, विंडोज ११ घ्यायला तयार नाही. (विंडोज १०ची नेहमीची मदत कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली, तेव्हा ११ घेणं भाग होतं.) शेवटी तिच्या एका मैत्रिणीने सेटिंग उघडून पाहिलं. आत निघाला आय-थ्री, तोही २०१३ सालच्या सुमाराचा, चौथ्या पिढीतला. वरचं लेबल नुसतं आणून चिकटवलेलं! नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असा सगळा प्रकार.

लेक रडकुंडीला आली. पैशापेक्षा वडिलांना काय वाटेल, याचंच तिला जास्त लागलं. रागाच्या भरात ती नखाने लेबल खरवडायला लागली, तशा सासूबाई ओरडल्या, “काहून खरवडून रायली वं माय? राहू दे तसंच!” आणि जन्मात पहिल्यांदा मी त्यांच्या बाजूने बोलले. कारण मात्र माझं वेगळं होतं. ते खोटं लेबल हाच आता आमचा साक्षीदार होता. तो पुसून टाकून कसं चालेल?

त्या दिवसापासून मी या लेबलांची माहिती विचारून, वाचून गोळा केली. ध्यानात आलं ते असं, की ‘काढावं की ठेवावं’ हा प्रश्नच अपुरा आहे. आधी विचारावं, हे लेबल कोणाच्या कामाचं आहे?

वरची लेबलं

लॅपटॉप उघडला की हाताखाली दिसतात ती बहुतेक लेबलं जाहिरातीची असतात. त्यांची सुरुवातही मजेदार आहे. संगणकाच्या आतला मुख्य सुटा भाग म्हणजे प्रोसेसर. तो बनवणाऱ्या इंटेल कंपनीने १९९१ साली ‘इंटेल इनसाइड’ ही मोहीम काढली. आत बसलेला भाग गिऱ्हाइकाला दिसत नाही, तर त्याचं नाव बाहेर दिसावं, ही कल्पना. जे संगणकवाले हे चिन्ह आपल्या जाहिरातीत वापरतील, त्यांच्या जाहिरातीच्या खर्चातला वाटा इंटेल उचलू लागली. पुढे बाकीच्यांनीही तोच कित्ता गिरवला. म्हणजे दुकानातल्या गिऱ्हाइकासाठी हे लेबल असतं. वस्तू घरात आली की त्याचं काम संपलं. ते काढल्याने मशीनचं काही बिघडत नाही. वॉरंटीसाठी विचारतात ते बिल आणि तळाचा नंबर.

उलट आमच्या घाटाखालच्या भागात उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. तळहाताचा घाम आणि त्यात ही उष्णता! लेबलाच्या कडा सुटतात, चिकटा बाहेर येतो, त्यावर धूळ बसते आणि मनगटाला काळं लागतं. असं झालं की खुशाल काढून टाकावं.

तळाची लेबलं

लॅपटॉप पालथा केला की एक साधा, न सजवलेला कागद दिसतो. त्याला मात्र हात लावू नये. त्यावर मॉडेलचं नाव आणि सिरियल नंबर असतो. काही कंपन्या त्यालाच सर्व्हिस टॅग म्हणतात. दुरुस्ती, वॉरंटी, चोरीची फिर्याद, सगळीकडे हाच नंबर विचारतात. तिथेच भारतीय मानक ब्यूरोची खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. लॅपटॉपला ही नोंदणी २०१२ सालच्या सरकारी आदेशाने सक्तीची झाली आहे.

एक्सपी, व्हिस्टा आणि विंडोज ७ यांच्या काळातल्या मशीनवर आणखी एक लेबल असतं. त्यावर २५ अक्षर-आकड्यांची किल्ली बारीक अक्षरात छापलेली असते. काही लॅपटॉपांत ते बॅटरीच्या खाचेत सापडतं. विंडोज नव्याने घालायची वेळ आली तर ती किल्ली लागते, म्हणून ते जपावं. २०१२ साली विंडोज ८ आलं, तेव्हापासून कंपनीकडून विंडोजसह येणाऱ्या लॅपटॉपांत ही किल्ली बहुधा मशीनच्या आतच साठवलेली असते.

स्क्रूवर चिकटवलेलं सीलही वॉरंटी असेपर्यंत तोडू नये. अमेरिकेत ‘सील तुटलं की हमी गेली’ असं सरसकट म्हणणाऱ्या कंपन्यांना तिथल्या व्यापार आयोगाने २०१८ साली ताकीद दिली. आपल्याकडेही २०२२ साली केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. पण दुकानदाराशी वाद घालण्यापेक्षा सील शाबूत ठेवणं केव्हाही सोपं.

हे कागद मांडीवर घासून पुसट होतात. म्हणून लॅपटॉप आणल्या दिवशीच त्यांचा फोटो काढावा, नंबर वहीत उतरवावा आणि लेबलावर पारदर्शक चिकटपट्टी लावावी. हवा जाण्याची जाळी तेवढी झाकू नये. आणि हो, नवा लॅपटॉप आला म्हणून हौसेने या नंबरांचे फोटो चारचौघांत पाठवू नयेत!

लेबल काढावं कसं?

डब्यावरचं लेबल आपण गॅसवर जरा डबा धरून काढतो, तो उपाय इथे अर्थातच चालायचा नाही. मशीन बंद करावं, चार्जर काढावा. केस वाळवायचा ड्रायर असेल तर सर्वांत कमी गरम हवा लांबून, थोडाच वेळ द्यावी. नसेल तर गरम पाण्यात बुडवून अगदी घट्ट पिळलेलं फडकं लेबलावर मिनिटभर ठेवावं. मग नखाने एक कोपरा उचलून सावकाश, आडवं ओढावं. सुरी, ब्लेड किंवा तारेची घासणी वापरू नये.

मागे चिकटा राहिला तर कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब खोबरेल तेल घ्यावं आणि गोल गोल चोळावं. तेल बोळ्यावर घ्यायचं, मशीनवर ओतायचं नाही. कीबोर्डच्या फटींपासून दूर राहावं. पाच मिनिटांनी साबणाच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावं आणि कोरडं करावं. रॉकेल, थिनर किंवा नखाचा रंग काढायचं पाणी मुळीच वापरू नये. त्यांनी प्लॅस्टिक पांढुरकं पडतं, कधी कधी विरघळतंही.

जुना लॅपटॉप घेताना

ही तर आमची दुखरी जागा! अशी लेबलं बाजारात सुटी मिळतात, हे आम्हाला आधी ठाऊक नव्हतं. तेव्हा मैत्रिणींनो, लेबल पाहून भुलू नका. दुकानातच मशीन चालू करायला लावा. सेटिंगमध्ये ‘सिस्टीम’ आणि त्यात ‘अबाउट’ उघडलं की प्रोसेसरचं खरं नाव दिसतं. आय-थ्री, आय-फाइव्हच्या पुढे चार आकडे असले तर पहिला आकडा साधारणपणे पिढी सांगतो. ४००५ म्हणजे चौथी, ८५५० म्हणजे आठवी. विंडोज ११ला इंटेलचा प्रोसेसर सामान्यतः आठव्या किंवा त्यानंतरच्या पिढीतला लागतो.

आणि बिल! आमच्या बिलावर ‘जुना लॅपटॉप, एक नग’ एवढंच होतं. बिलावर मॉडेल, सिरियल नंबर आणि प्रोसेसर लिहून घ्यावा. दुकानदार का कू करायला लागला, तर तिथूनच परत फिरावं. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा १९१५ हा नंबर आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडेही तक्रार करता येते.

आमचं पुढे काय झालं? लेकीने लेबलाचा, तळाच्या नंबराचा आणि आतल्या माहितीचा फोटो काढला. घेण्याआधी दुकानदाराने फोनवर ‘आय-सेव्हन’ असं लिहून पाठवलं होतं, तेही जपून ठेवलेलं होतं. हे सगळं घेऊन बाप-लेक दुकानात गेले. आधी त्याने कानावर हात ठेवले. १९१५चं नाव काढल्यावर आवाज खाली आला. दोन खेपा झाल्या आणि नऊ हजार परत मिळाले. बाकीचे अक्कलखाती गेले. लेक अजून त्याच मशीनवर अभ्यास करते, हळूहळू का होईना.

पैसे मिळाले त्या संध्याकाळी मी खोबरेल तेलाची बाटली घेऊन बसले आणि ते लेबल काढून टाकलं. सासूबाई शेजारीच होत्या, पण या वेळी काही बोलल्या नाहीत. जरा वेळाने उठून आतून आपला पितळी गुंड घेऊन आल्या. त्यांच्या लग्नात माहेराहून मिळालेला, ठोकून नाव घातलेला. इतक्या वर्षांत घासून घासून गुंड झिजला, पण नाव वाचता येतं.

“तुमच्या कंपनीचं नाव दोन दिवसाचं,” त्या नातीला म्हणाल्या, “आपलं टाक वं त्याच्यावर.”

लेकीने कागदाच्या पट्टीवर आपलं नाव आणि गाव लिहिलं, तळाच्या नंबराशेजारी चिकटवलं आणि वरून चिकटपट्टी लावली. हे लेबल मात्र आमच्या घरात कोणीच काढणार नाही.